हसऱ्या दातांचा बाजार आणि दंतवैद्याची पारख

(अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दात पांढरे आणि सरळ करून घेण्यासाठी कोणाकडे जावे, हा पक्षाच्या अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल आणि ती रास्तही आहे. ज्या देशात दुखरा दात काढून घेण्यासाठी शेतमजुराला दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जावे लागते, तेथे दातांच्या सौंदर्याची चर्चा हा रिकामटेकड्यांचा विलास वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु या बाजारातील आजचा गिऱ्हाईक कोण, हे पाहिले म्हणजे शंकेचा जोर ओसरतो. तो आता केवळ सिनेनट राहिलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहणारी मुलगी, विमा विकणारा तरुण, लग्न ठरत नाही म्हणून कष्टी झालेल्या बापाची लेक, ही माणसे आज दंतवैद्याच्या पायऱ्या चढत आहेत आणि मासिक हप्त्यावर चढत आहेत. चेहरा ही ज्यांच्या श्रमशक्तीची अट होऊन बसली आहे, त्यांना ‘हा चोचला सोडा’ असा उपदेश करणे सोपे असले तरी ते न्यायाचे नाही. त्यांची फसवणूक होऊ नये, एवढे पाहणे मात्र कार्यकर्त्याचे काम आहे.

प्रथम या व्यवहाराचे अर्थशास्त्रीय स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मंडईत वांगी घेणारी गृहिणी वांगे हातात घेऊन, उलटसुलट करून पाहते. कलिंगड कापल्यावर कळते. पण कळते, आणि पुढच्या खेपेला त्या गाडीवाल्याकडे ती फिरकत नाही. काही वस्तू मात्र अशा असतात की, त्या विकत घेतल्यानंतर, वापरून झाल्यानंतरही त्यांची आपणाला खरोखर गरज होती की नव्हती हे गिऱ्हाइकाला समजत नाही. घड्याळ दुरुस्तीला दिले, ते चालू लागले. परंतु आतील चाक बदलण्याची आवश्यकता होती काय? मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा वस्तूंविषयी जो निबंध लिहिला, त्याचे शीर्षकच मोठे मार्मिक आहे: ‘मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचे इष्टतम प्रमाण’. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६३ साली, केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का चालू शकत नाही याची मीमांसा केली होती. रोग कोणता हे सांगणारा आणि त्यावरचा इलाज विकणारा एकच असला की मागणी आणि पुरवठा या दोहोंच्या दोऱ्या एकाच हाती जातात.

हे केवळ पुस्तकी तर्कट नव्हे. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे काही संशोधकांनी, ज्याला कोणत्याही भरणीची गरज नव्हती अशा एका रुग्णाला १८० दंतवैद्यांकडे पाठविले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शेकडा २८ भेटींत अनावश्यक उपचार सुचविण्यात आला. स्वित्झर्लंड हा दरिद्री देश नव्हे, की तेथील दंतवैद्य अर्धशिक्षित नव्हेत. या प्रयोगातील आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. ज्या दवाखान्यांत भेटीची वेळ लगेच मिळत होती, तेथे अनावश्यक उपचार सुचविण्याचे प्रमाण अधिक आढळले. रिकाम्या खुर्चीलाही भाडे असते, हाच त्याचा अर्थ. आपल्याकडे तर दंतमहाविद्यालयांची संख्या तीनशेच्या वर गेली असून त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. जबर शुल्क भरून बाहेर पडलेला तरुण शहरात भाड्याची जागा घेतो, कर्जाने यंत्रे घेतो, आणि शेजारच्या इमारतीत त्याच्यासारखेच आणखी दोघे असतात. अशा माणसाने रुग्णाच्या पिवळसर दातांकडे निर्विकार दृष्टीने पाहावे ही अपेक्षा करताना त्याच्या डोक्यावरचा हप्ताही लक्षात ठेवावा लागतो. तरीही बहुसंख्य दंतवैद्य नीट काम करतात. झुरिचमध्येही शेकडा बहात्तर भेटींत रुग्णाला प्रामाणिक सल्ला मिळालाच होता, हे विसरता कामा नये.

आता पाटीकडे वळू. ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ असे शब्द पाटीवर दिसले की ती एखादी पदवी असावी असा सामान्य माणसाचा समज होतो. तशी पदवी नाही. दंतशास्त्राची पदवी बी.डी.एस.; तीनंतर एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी ठरावीक शाखांत मिळते आणि त्या शाखांत सौंदर्य-दंतशास्त्र नावाची शाखा नाही. इंग्लंड-अमेरिकेतही त्याला स्वतंत्र विशेषशाखेची मान्यता नाही. म्हणजे हे नाव धंद्याने स्वतःला दिलेले आहे. त्यात गैर काहीच नाही, पण त्याला पुरावा समजण्यात मात्र धोका आहे. पाटीवर नावापुढे आगगाडीच्या डब्यांसारखी जी आद्याक्षरांची माळ लागलेली असते, तिच्यातील काही डबे दोन दिवसांच्या शिबिराचे किंवा वर्गणी भरून मिळणाऱ्या सभासदत्वाचे असू शकतात.

मग पाहावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे राज्याच्या दंतपरिषदेकडील नोंदणी क्रमांक. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने ही नोंदणीची पद्धत देशभर आणली. त्या वेळी शिकलेले दंतवैद्य थोडे आणि पिढीजात किंवा उमेदवारीने शिकलेले पुष्कळ, अशी स्थिती होती. म्हणून नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करण्यात आले, आणि मान्य पदवी नसलेल्या परंतु पाच वर्षे धंदा केलेल्या माणसांना ‘ब’ भागात सामावून घेण्यात आले. रस्त्याच्या कडेला कवळ्यांचा ढीग मांडून बसणारा माणूस नंतरही दिसत राहिला, कारण गरिबाला परवडणारी दुसरी कवळीच नव्हती. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. संगणकावर सर्वांना पाहता येईल अशी राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात आहे. रुग्णाने नोंदणी क्रमांक विचारणे हा दंतवैद्याचा अपमान नाही. विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे.

दुसरी गोष्ट, काम कोणते आणि शाखा कोणती याचा मेळ. वेडेवाकडे दात ओळीत आणणे हे दंतवक्रता-उपचाराच्या तज्ज्ञाचे, म्हणजे ज्याला लोक ‘तारा लावणारा डॉक्टर’ म्हणतात त्याचे काम. दातावर कॅप किंवा चिनी मातीचा पातळ पापुद्रा म्हणजे व्हिनिअर बसविणे हे कृत्रिम दंतशास्त्राच्या किंवा दंतसंवर्धनाच्या तज्ज्ञाचे. हिरड्या खाली सरकून दात लांब दिसू लागले असतील तर हिरड्यांच्या तज्ज्ञाचे. कायद्याने साधा बी.डी.एस. ही सर्व कामे करू शकतो, आणि वीस वर्षे मन लावून काम केलेला बी.डी.एस. कालच बाहेर पडलेल्या एम.डी.एस.पेक्षा उजवा ठरू शकतो. पदवी हा किमान निकष आहे. मात्र वाकड्या दातांवर तारा लावण्याऐवजी ते कापून सरळ दिसणाऱ्या कॅपा बसवा, असा सल्ला मिळाला तर रुग्णाने तेथून उठून तारा लावणाऱ्याचे मत घ्यावे.

कारण ‘दात कापणे’ या दोन शब्दांतच या विषयाचे मर्म आहे. दाताचे वरचे कठीण कवच, ज्याला शास्त्रीय मराठीत दंतवल्क म्हणतात, ते एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. हाड जुळते, कातडी भरून येते, दंतवल्क येत नाही. हॉलिवुडमधील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे बसविले, ते केवळ चित्रीकरणापुरते चिकटविलेले असत. काम संपले की काढून ठेवायचे. ते कायम चिकटवायचे कसे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर आम्ल लावून ते खरबरीत केल्यास त्यावर राळ घट्ट धरते हे दाखविले, आणि १९८३ च्या सुमारास चिनी मातीलाही तशीच प्रक्रिया करून ती दाताला चिकटविण्याची रीत रूढ होऊ लागली. या शोधांचे मोल असे की, त्यांच्यामुळे दात फारसा न कापता त्याचे रूप सुधारता येऊ लागले. पापुद्र्यासाठी दाताचा दर्शनी थर साधारण अर्धा मिलिमीटर घासला जातो. उलट पूर्ण कॅपेसाठी दात चहूबाजूंनी खुंटासारखा करावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात पुढच्या दातांवर कॅप बसविताना दाताच्या दर्शनी भागाचा सुमारे ६३ ते ७२ टक्के हिस्सा जातो, तर पापुद्र्यासाठी तो ३ ते ३० टक्के जातो, असे दिसून आले. विज्ञानाने कापणे कमी केले आणि बाजाराने ते पुन्हा वाढविले. कॅपा बसविणे भरभर उरकते, त्यात चूक झाकली जाते आणि संख्येवर बिल वाढते. गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधील तरुणांनी स्वस्तात ‘हसू’ मिळते म्हणून तुर्कस्तानात जाऊन धडधाकट दात खुंटांसारखे कापून घेतले. परत आल्यावर त्यांपैकी अनेकांना दातांतील नसांच्या उपचारांसाठी धावाधाव करावी लागली. कॅप किंवा पापुद्रा हा जन्माचा सोबती नसतो. दहा-पंधरा वर्षांनी तो बदलावा लागतो आणि पंचविशीत केलेल्या कामाचा खर्च चाळिशीत, पन्नाशीत, साठीत पुन्हा उभा राहतो. ‘एकदाच खर्च’ असे जेथे सांगितले जाते, तेथे सावकाराच्या ‘फक्त एवढीच सही’ची आठवण व्हावी.

आपल्या भागातील एक उदाहरण घेऊ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये असे जागतिक आरोग्य संघटनेचे मानक आहे. लहानपणी, साधारण आठ वर्षांच्या आत, पक्के दात हिरडीखाली घडत असताना असे पाणी पोटात गेले तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग येतात. अशा गावातील मुलगी तोंडावर पदर किंवा हात धरून हसते. तिने दात घासले नाहीत म्हणून डाग पडले, असे तिला बघायला आलेल्या मंडळींना वाटते. वस्तुतः तो डाग तिच्या आळसाचा नसून पाणीपुरवठा योजनेच्या फायलीचा आहे. या मुलीच्या दृष्टीने दातांचा रंग हा शृंगाराचा प्रश्न म्हणता येईल काय?

कल्पना करा की तिचा बाप तिला जिल्ह्याच्या ठिकाणी एका चकचकीत दवाखान्यात नेतो. तेथे संगणकाच्या पडद्यावर तिचा हसरा फोटो तयार करून दाखविला जातो आणि वरच्या दहा दातांना कॅपा सांगितल्या जातात. बापाला आकडा ऐकून घाम फुटतो, तोच हप्त्यांचा कागद पुढे येतो. येथे एक शब्दही खोटा बोललेला नसेल. कॅपा बसविल्यावर डाग खरोखरच दिसणार नाहीत. परंतु अशा डागांवरच्या उपायांची एक उतरंड आहे, ती त्याला कोणी सांगितलेली नसते. डाग वरवरचे असतील तर सौम्य आम्ल आणि प्यूमिसची भुकटी यांनी वरचा अतिसूक्ष्म थर घासून ते फिके करता येतात. त्याच्या जोडीला विरंजन करता येते. पांढऱ्या पट्ट्यांत राळ मुरवून ते बुजविता येतात. दंतवल्क फारच पोखरलेले असेल तर दाताच्या रंगाचे मिश्रण लावता येते, आणि त्यानेही भागले नाही तर पापुद्रे. कॅप ही या उतरंडीची अगदी शेवटची पायरी. चांगला दंतवैद्य खालच्या पायरीपासून आरंभ करतो आणि जेथे काम भागेल तेथे थांबतो. त्याची पारख करण्यासाठी एकच प्रश्न विचारायचा झाला तर तो असा विचारावा: ‘याहून कमी कापून काय करता येईल, आणि काहीच केले नाही तर काय होईल?’

विरंजनाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ते मुक्त करणारे द्रव्य वापरतात. दंतवैद्याने साचा करून दिलेल्या तबकडीत सौम्य द्रव्य घालून ती रात्री दातांवर बसविण्याची पद्धत १९८९ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि ती चांगलीच टिकली आहे. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने सहा टक्क्यांहून अधिक पेरॉक्साइड असलेल्या पदार्थांना बंदी केली आणि त्याखालील द्रव्येही प्रथम दंतवैद्याच्या हातूनच दिली जावीत असे ठरविले. दात पांढरे करणे हा दंतवैद्यकाचाच भाग आहे, सौंदर्यप्रसाधनगृहांचा नव्हे, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. आपल्याकडे ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन दात उजळून घेणाऱ्या भगिनींनी यातील कारण समजून घ्यावे. विरंजनाने कॅपेचा किंवा जुन्या भरणीचा रंग बदलत नाही. किडलेल्या दातात ते द्रव्य गेले तर ठणका लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पार्लरमधील मुलीला जिभेखालचा पांढरा चट्टा ओळखता येत नाही.

महाराष्ट्रात हा मुद्दा जिवावरचा आहे. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया खेड्यापाड्यांत अद्याप आहेत. राज्याने २०१२ साली गुटखाबंदी केली तरी पुड्या हद्दपार झालेल्या नाहीत. असा माणूस दातांचे काळे डाग काढायला येतो, तेव्हा दाताआधी ज्याने त्याच्या गालाची आतली बाजू, जीभ आणि तोंड किती उघडते हे पाहिले, तो दंतवैद्य. ज्याने आधी रंगांचा तक्ता पुढे केला, तो विक्रेता. हिरड्या तपासणे, आवश्यक तेवढीच क्ष-किरण छायाचित्रे घेणे, चावताना दात कसे मिळतात ते पाहणे, कीड आणि हिरड्यांचा दाह आधी बरा करणे, आणि रंगरूपाचा विषय त्यानंतर काढणे, हाच या कामाचा योग्य क्रम आहे.

आणखी काही गोष्टी झटपट सांगण्यासारख्या आहेत. उपचाराचा आराखडा, वापरायचे द्रव्य आणि एकूण खर्च लेखी मागावा. ‘सिरॅमिक’ म्हणून धातूवर चढविलेली कॅप बसविली गेली तर ती उघड्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. दात कापण्यापूर्वी मेणाचा नमुना आणि त्यावरून तोंडात तात्पुरता प्रयोग करून दाखविता येतो. तो पाहून, घरी आरशापुढे बोलून-हसून मगच होकार द्यावा. भिंतीवरचे आधी-नंतरचे फोटो त्याच दंतवैद्याच्या रुग्णांचे आहेत काय, आणि पाच वर्षांनंतरचा एखादा फोटो आहे काय, हे विचारावे. हत्यारे दाबाखालील वाफेने निर्जंतुक होतात काय, तेही. १९९५ पासून पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली आहे. एका उपचाराला दिलेली संमती ही दुसऱ्या उपचाराची संमती होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. मात्र हातात कागद नसला तर हे हक्क हवेतच राहतात.

दंतवैद्यालाच वगळून टाकले तर स्वस्त पडेल, असे म्हणणारा एक पंथ अलीकडे निघाला आहे. टपालाने साचा पाठवा, टपालाने पारदर्शक तबकड्या येतील, त्या लावा, दात सरळ होतील. स्माइल-डायरेक्ट-क्लब ही अमेरिकन कंपनी २०१४ साली याच वचनावर उभी राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत बंद पडली. ज्यांचे दात अर्धवट सरकलेले होते त्यांचा उपचार थांबला; हप्त्याने पैसे भरणाऱ्यांनी मात्र हप्ते भरत राहावेत, अशी कंपनीची अपेक्षा होती! भांडवलाला गिऱ्हाइकाचे तोंड दिसत नाही, त्याचे खाते दिसते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच उघडे पडते. आपल्याकडेही अशा तबकड्यांच्या जाहिराती जोरात आहेत. दंतवक्रतेच्या तज्ज्ञाने स्वतः तपासून, देखरेखीखाली दिलेल्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. प्रश्न एवढाच विचारावा की, मध्येच काही बिघडले तर कोणत्या माणसाचे दार ठोठावायचे.

समाजवाद्यांना दातांचा विषय अगदीच नवा नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा कवळ्यांसाठी लोकांची रीघ लागली. १९५१ साली मजूर पक्षाच्याच सरकारने अर्थसंकल्पात कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविण्याचे ठरविले, तेव्हा त्या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. कवळीवरून मंत्रिपद सोडणारा माणूस आजच्या राजकारणात कदाचित हास्यास्पद ठरेल. परंतु दात ही चैन आहे की आरोग्य, याचा निर्णय तिजोरीने करायचा की समाजाने, हाच तो वाद होता. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील शेकडा ३७ प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. लग्नाआधी मुलीचे सर्व दात काढून तिला कवळी बसवून द्यायची, म्हणजे नवऱ्याला पुढे खर्च नको, अशीही रीत तेथील काही भागांत होती असे सांगतात. एका पिढीने खर्चाच्या भीतीने धडधाकट दात उपटले आणि तिच्या नातवंडांनी शोभेसाठी ते कापले.

आपल्याकडे सार्वजनिक सेवेचा दंतविभाग अपुरा आहे, हे मान्य करूनही तेथे जे आहे त्याचा उपयोग आपण करीत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. मुंबईत महानगरपालिकेचे नायर दंतमहाविद्यालय आहे. गोव्यात बांबोळीला आहे. तेथे सर्व शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली बसतात आणि कॅपांची संख्या वाढल्याने त्यांच्या पगारात भर पडत नाही. उपचार तेथे घ्यायचा नसला तरी दुसरे मत तेथे जरूर घ्यावे. बाजारातील दराला आणि सल्ल्याला ताडून पाहण्याचे तेच एक माप गरिबाच्या हाती आहे. रांग लांब असते, बाकडी मोडकी असतात, विद्यार्थी काम करतो आणि शिक्षक तपासतो, त्यामुळे वेळ जातो; पण दोघांच्या नजरेखालून गेलेले काम हे एकाच्या घाईतील कामापेक्षा वाईट असण्याचे कारण नाही.

यवतमाळकडील एखाद्या कार्यकर्त्याने एवढे करावे. आपल्या गावातील डागाळलेल्या दातांच्या मुलामुलींची यादी करावी, त्यांना घेऊन सकाळच्या गाडीने नागपूरचे शासकीय दंतमहाविद्यालय गाठावे, केसपेपर काढून दंतसंवर्धन विभागात दाखवावे आणि प्रत्येकाला कोणती पायरी पुरेल ते लिहून घ्यावे. परत आल्यावर त्याच यादीची एक प्रत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात द्यावी आणि पोच घ्यावी. त्या विंधनविहिरीचे पाणी आज जी चार वर्षांची मुले पीत आहेत, त्यांचे पुढचे दात अजून यायचे आहेत.